सीमेपलीकडचा करार

न्हावाशेवा बंदरातून युरोपकडे निघालेल्या मालामागे कागदपत्रांची जी चळत असते, तिच्यातले बहुतेक कागद जगभर एकाच नियमाने वाचले जातात. बीजकावर ‘एफओबी न्हावाशेवा’ असे लिहिले की माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची आणि नंतरची खरेदीदाराची, हे मुंबईतल्या आणि रॉटरडॅममधल्या माणसाला सारखेच कळते. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ मध्ये सुरू केलेले इन्कोटर्म्स दोघेही पाळतात. एलसीची, म्हणजे पतपत्राची, कागदपत्रे तपासणारा बँकेतला अधिकारी त्याच मंडळाची यूसीपी ६०० ही नियमावली समोर ठेवतो. वाद लवादाकडे गेला आणि निवाडा झाला, तर १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे तो दीडशेहून अधिक देशांत बजावून घेता येतो. म्हणजे वाहतूक, पैसे आणि निवाडा या तिन्ही बाबतींत व्यापाराने एक सामाईक कायदा कमावलेला आहे. पण हा सारा खटाटोप ज्यासाठी, त्या खरेदी-विक्रीच्या कराराचे काय? माल ठरल्याप्रमाणे निघाला नाही तर तक्रार किती दिवसांत करायची, करार कधी मोडता येतो, नुकसानभरपाई कशी मोजायची, दिलेला देकार मागे घेता येतो का, या प्रश्नांची उत्तरे देशागणिक बदलतात. कोणत्या देशाचे उत्तर लागू होईल, हे भांडण कोर्टात गेल्यावरच कळते, असेही अनेकदा घडते. वेगवेगळ्या देशांचे करारविषयक कायदे एकमेकांच्या जवळ आणता येतील का आणि आणावेत का, हा या पुस्तकाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की व्यापाऱ्यांसाठी आणि ग्राहकांसाठी या प्रश्नाची उत्तरे वेगळी आहेत. व्यापाऱ्याला हवा असतो आधीच ठाऊक असलेला आणि गरज पडल्यास बाजूला ठेवता येणारा समान कायदा. ग्राहकाला हवे असते कोणत्याही सहीने न जाणारे किमान संरक्षण. गेल्या पन्नास वर्षांत जे प्रयत्न यशस्वी झाले, त्यांनी हा भेद ओळखला. जो सर्वांत मोठा प्रयत्न फसला, त्याने तो पुसायला घेतला होता.

कायदे वेगळे का, हे आधी पाहायला हवे, कारण ‘समान करा’ म्हणणाऱ्यांचा पहिला गैरसमज इथेच होतो. इंग्रजी परंपरेत निव्वळ दिलेला शब्द पुरत नाही. त्याच्या बदल्यात काही मोबदला, म्हणजे प्रतिफल, असावे लागते. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये ही अट नाही. फ्रेंच संहितेत १८०४ पासून करारामागच्या ‘कारणा’ला मोठे स्थान होते, २०१६ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. जर्मनीत देकार दिला की तो ठरल्या किंवा वाजवी मुदतीपर्यंत बंधनकारक असतो. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे तो स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो. हे फरक वरवरचे वाटले तरी प्रत्येकामागे दिवाणी कज्ज्यांचा, न्यायाधीशांच्या सवयींचा आणि वकिलांच्या शिक्षणाचा दीर्घ इतिहास आहे. तरीही हे फरक अचल आहेत, असे फ्रान्सच्या उदाहरणावरून तरी म्हणता येत नाही. दोनशे वर्षे जपलेली संकल्पना एका दुरुस्तीत गेली आणि फ्रान्समधला व्यापार थांबला नाही.

भारताला तर हा प्रश्न नवा नाहीच. १७८१ च्या ब्रिटिश संसदेच्या कायद्याने कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात हिंदूंच्या करारांना हिंदू धर्मशास्त्र, मुसलमानांच्या करारांना इस्लामी कायदा आणि दोन्ही पक्ष भिन्नधर्मीय असतील तर प्रतिवादीचा कायदा लावायचा, असे ठरवले. पुढे हीच तजवीज मुंबई आणि मद्रासला आली. एकाच पेठेतल्या दोन व्यवहारांना दोन कायदे लागत आणि कोणता लागेल हे कोण कोणावर दावा लावतो त्यावर ठरे. मुंबई इलाख्याच्या मुलखात एल्फिन्स्टनच्या काळातील १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने वेगळा क्रम लावला: आधी सरकारी कायदे, ते नसतील तर देशाची रूढी, मग प्रतिवादीचा कायदा आणि शेवटी न्याय, समता व सद्विवेक. या गुंत्यातून १८७२ चा करार कायदा जन्माला आला. तो परक्या सत्तेने लादला, हे खरे. पण त्याने इंग्रजी कायदा जसाच्या तसा उतरवला नाही. इंग्लंडमध्ये प्रतिफल वचन घेणाऱ्यानेच द्यावे लागे. आपल्या कायद्याने ते दुसऱ्या कोणीही दिलेले चालेल असे म्हटले. करार मोडल्यास द्यायच्या रकमेबाबत दंड आणि आगाऊ ठरवलेली भरपाई हा इंग्रजी भेद त्याने सोडून दिला आणि त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई द्यावी एवढेच ठेवले. पहिल्याच कलमात, कायद्याशी विसंगत नसलेली व्यापारी रूढी अबाधित राहील, असेही लिहिले. दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुदलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही हा ऋणकोच्या बाजूचा जुना नियम, मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी त्यानंतरही हिंदू ऋणकोंसाठी चालू ठेवला. गोव्यात मुक्तीनंतर काही वर्षांतच करार कायदा लागू झाला. विवाह आणि वारसा यांचे १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतले नियम मात्र तसेच राहिले. या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतो. करारांचा कायदा हा कुटुंबाच्या कायद्यापेक्षा फार सहज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो. आणि बाजाराचा कायदा एक झाला तरी दुबळ्या पक्षाचे स्थानिक संरक्षण त्याच्या शेजारी नांदू शकते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हे काम जर्मन कायदेपंडित अर्न्स्ट राबेल यांनी सुरू केले. १९२६ मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या युनिड्रॉइट या संस्थेला विक्रीचा समान कायदा करण्याची कल्पना त्यांनीच दिली. महायुद्धाने काम लांबले. १९६४ मध्ये हेगला दोन समान कायदे मंजूर झाले, पण ते मुख्यतः पश्चिम युरोपच्या नजरेने लिहिलेले असल्याने थोड्याच देशांनी स्वीकारले. मग संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने, म्हणजे अन्सिट्रालने, समाजवादी आणि विकसनशील देशांना बरोबर घेऊन पुन्हा सुरुवात केली आणि ११ एप्रिल १९८० रोजी व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय माल विक्रीचा करार मंजूर झाला. १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आहे आणि आज नव्वदहून अधिक देश त्यात आहेत. अमेरिका, चीन, जर्मनी, नेदरलँड्स, सिंगापूर, जपान, ब्राझील हे सगळे त्यात आहेत. ब्रिटन आणि भारत नाहीत. या कराराने काय केले याइतकेच त्याने काय टाळले, हे महत्त्वाचे आहे. घरगुती वापरासाठी केलेली खरेदी त्याने दुसऱ्याच कलमात वगळली. करार वैध की अवैध हा प्रश्न राष्ट्रीय कायद्यांवर सोडला. सहाव्या कलमाने पक्षांना हा कायदा पूर्ण किंवा अंशतः बाजूला ठेवण्याची मुभा दिली. थकलेल्या रकमेवर व्याज द्यावे असे म्हटले, पण दर ठरवला नाही, कारण त्यावर एकमत होईना. टीकाकार या गाळलेल्या जागांकडे बोट दाखवतात. मला वाटते, या जागा रिकाम्या ठेवल्या म्हणूनच बाकीचा कायदा उभा राहिला.

तो प्रत्यक्षात कसा चालतो हे कळायला जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाचा ८ मार्च १९९५ चा निकाल पाहावा. एका स्विस विक्रेत्याने जर्मन खरेदीदाराला न्यूझीलंडचे शिंपले विकले. तपासणीत त्यांत कॅडमियमचे प्रमाण जर्मन आरोग्य खात्याने शिफारस केलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. खरेदीदाराने करार मोडून पैसे द्यायला नकार दिला. न्यायालयाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. खरेदीदाराच्या देशातले सगळे सार्वजनिक नियम परदेशी विक्रेत्याला ठाऊक असतील, असे धरता येत नाही. तेच नियम विक्रेत्याच्या देशातही असतील, खरेदीदाराने ते आधी कळवले असतील, किंवा विक्रेता त्या देशात नेहमी माल पाठवतो यासारखी खास परिस्थिती असेल, तरच ते त्याच्यावर येतात. चार वर्षांनी अमेरिकेतल्या लुइझियानाच्या संघीय न्यायालयासमोर एका इटालियन कंपनीच्या वैद्यकीय यंत्रांचा वाद आला. तिथल्या न्यायाधीशाने याच जर्मन निकालाचा आधार घेतला आणि खास परिस्थिती दिसते म्हणून विक्रेत्याला जबाबदार धरणारा लवादाचा निवाडा कायम केला. जर्मन शिंपल्यांचा निकाल अमेरिकेतल्या न्यायाधीशाने वाचावा आणि त्यातला अपवाद आपल्या प्रकरणाला लावावा, हे समान कायद्याचे खरे काम आहे. दोन देशांत उत्तरे वेगळी आली, पण दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला गेला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा शिंपल्यांचा खटला परका वाटू नये. २०१० च्या हंगामात नाशिक भागातून युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. माल अडला, भाव पडले, निर्यातदारांचे आणि त्यांच्यामागे बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. निर्यातीपूर्वी तपासायच्या रसायनांच्या यादीत हे रसायन नव्हते, असे निर्यातदारांचे म्हणणे होते. अशा मालाची जबाबदारी कोणाची? करारात कायदा निवडलेला नसेल तर युरोपच्या रोम-१ नियमनाप्रमाणे विक्रेत्याच्या देशाचा, म्हणजे भारताचा कायदा लागतो. मग नेदरलँड्समधल्या न्यायाधीशाला आपला १९३० चा माल विक्री कायदा समजून घ्यावा लागतो आणि तो समजावून देणाऱ्या तज्ज्ञाचा खर्च कोणीतरी सोसतो. द्राक्षे कन्साइनमेंटवर गेली असतील तर ती विक्रीच नसते, अडतीचा व्यवहार असतो, आणि तिथे व्हिएन्नाचा करार लागूच होत नाही. हे मान्य करायला हवे. शिवाय भारत त्या करारात असता तर निर्यातदार जिंकलाच असता, असेही नाही. वर्षानुवर्षे युरोपला माल पाठवणाऱ्यावर खास परिस्थितीचा अपवाद उलटण्याचीच शक्यता अधिक. पण सौदा करतानाच त्याला हे ठाऊक असते. कोणत्या देशाचे निकष पाळायचे आणि यादी कोणी पुरवायची, हे करारात एका ओळीत लिहून घेता आले असते. कायद्याचा खरा उपयोग सौद्याआधी होतो, कोर्टातला उपयोग त्यानंतरचा.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की एकच मजकूर असला तरी एकच न्यायालय नसेल तर समानता कागदावरच राहते. उदाहरणे खरी आहेत. दोषाची सूचना ‘वाजवी वेळेत’ द्यावी, असे व्हिएन्नाचा करार म्हणतो. जर्मन न्यायालयांनी साधारण एका महिन्यापर्यंत उदारता दाखवली. ऑस्ट्रियात तपासणी आणि सूचना मिळून १४ दिवसांचा दंडक पडला. आफ्रिकेतल्या १७ देशांच्या ओहाडा संघटनेने १९९३ च्या कराराने अबिजानला सामाईक न्यायालय स्थापून ही अडचण दूर केली. व्हिएन्नाला ती सोय नाही. पण १४ दिवस आणि महिना यांतला फरक, राष्ट्रीय कायद्यांतला सहा महिन्यांचा नियम आणि ‘तात्काळ’चा नियम यांतल्या फरकापेक्षा पुष्कळ लहान आहे. सातव्या कलमाने न्यायाधीशांना आंतरराष्ट्रीय स्वरूप ध्यानात ठेवून अर्थ लावायला सांगितले आहे आणि अन्सिट्राल वेगवेगळ्या देशांतले निकाल सारांशरूपाने प्रसिद्ध करते. दुसरा आक्षेप असा की मोठ्या कंपन्यांचे वकील हा कायदा करारातून सर्रास वगळतात. वगळू देत. ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याने आपला कायदा निवडावा. ज्या छोट्या कारखानदाराने ई-मेलवर सौदा केला आणि कायद्याचा उल्लेखच केला नाही, त्याला हा कायदा आपोआप मिळतो. करारात काही न लिहिणाऱ्यासाठी काहीतरी समंजस लिहून ठेवणे, एवढेच व्यापारी कायद्याचे काम आहे.

ग्राहकाचा मामला मुळातच निराळा. तो अटी ठरवत नाही, वाचतही नाही, आणि वाचल्या तरी बदलू शकत नाही. त्याला ‘कायदा निवडण्याचे स्वातंत्र्य’ देणे म्हणजे विक्रेत्याला निवड देणे. युरोपीय संघाने हे लवकर ओळखले आणि निर्देशांचा मार्ग धरला. निर्देश म्हणजे संघाने साध्य ठरवायचे आणि प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात ते बसवायचे. १९८५ मध्ये दारोदार विक्री, १९९३ मध्ये अन्यायकारक अटी, १९९७ मध्ये दूरवरून केलेली खरेदी, १९९९ मध्ये मालातील दोष, असे एकेक नेमके दुखणे हाती घेतले गेले. दूरवरून घेतलेली वस्तू परत करण्याची मुदत आधी किमान सात कामकाजाच्या दिवसांची होती आणि देशोदेशी वेगळी होती. २०११ च्या निर्देशाने ती सर्वत्र १४ दिवस झाली. मालाच्या दोषाची जबाबदारी किमान दोन वर्षे ठरली. स्वीडनने तीन वर्षे ठेवली, नेदरलँड्सने वस्तूचे अपेक्षित आयुष्य हा निकष ठेवला. तळ सारखा, वरचे मजले ज्याचे त्याचे.

हा तळ किती खोल जातो ते जर्मनीतल्या फरशीच्या खटल्यात दिसते. एका ग्राहकाने सुमारे १,४०० युरोंच्या पॉलिश केलेल्या टाइल्स घेतल्या. दोन-तृतीयांश टाइल्स बसवून झाल्यावर त्यांवर बारीक घासल्याच्या खुणा आणि त्यांमुळे पडलेल्या छटा दिसू लागल्या. त्या काढता येण्याजोग्या नव्हत्या; सगळी फरशी उखडून नवी बसवणे एवढाच उपाय होता आणि त्याचा खर्च ५,८०० युरोंहून अधिक. विक्रेता म्हणाला, मी टाइल्स विकल्या, बसवल्या नाहीत; फार तर नव्या टाइल्स देतो. जर्मन कायदा वाचता त्याचे म्हणणे चूक नव्हते. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने जून २०११ मध्ये सांगितले की दुरुस्ती किंवा बदली ‘विनामूल्य’ असली पाहिजे आणि ग्राहकाने दोष दिसण्यापूर्वी सद्भावनेने बसवलेला माल उखडण्याचा व नवा बसवण्याचा भार विक्रेत्याने उचलला पाहिजे. हा भार प्रमाणाबाहेर जात असेल तर राष्ट्रीय कायद्याने त्याला वाजवी मर्यादा घालावी, असेही त्याने म्हटले. हा नियम पुढे २०१९ च्या माल विक्री निर्देशात शब्दबद्ध झाला. जर्मनीने तर २०१८ पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या विक्रीलाही तो लावला, म्हणजे सदोष टाइल्स बनवणाऱ्याकडे किरकोळ विक्रेत्यालाही दाद मागता आली. सदोष वस्तूचे मोल तिच्या बिलावरच्या किमतीपुरते नसते, हे घर बांधलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ते कायद्याच्या भाषेत आणायला मात्र एक सामाईक निर्देश आणि एक सामाईक न्यायालय लागले.

बार्सिलोनातल्या एका प्रकरणाचे दुःख याहून मोठे होते. गृहकर्जाचे हप्ते थकले म्हणून एका कुटुंबाचे घर गेले. स्पेनच्या प्रक्रियेप्रमाणे जप्ती चालवणाऱ्या न्यायाधीशाला कर्जाच्या अटी अन्यायकारक आहेत, या कारणावरून जप्ती थांबवता येत नव्हती. कर्जदाराने वेगळा दावा करावा आणि जिंकल्यास पैशाच्या रूपात भरपाई घ्यावी. तोवर घर गेलेले असे. मार्च २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही प्रक्रिया १९९३ च्या निर्देशाशी विसंगत ठरवली आणि दोन महिन्यांत स्पेनला कायदा बदलावा लागला. वीस वर्षांपूर्वी ब्रुसेल्समध्ये लिहिलेल्या काही कलमांनी एका देशातल्या बेघर होणाऱ्या माणसांच्या हाती बचाव दिला. कायदे जवळ आणण्याचा प्रयत्न हा वकिलांचा बौद्धिक छंद आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

इतके यश हाती असताना युरोपीय आयोगाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी मोठी उडी घेतली. डॅनिश प्राध्यापक ओले लँडो यांच्या आयोगाने तयार केलेली युरोपीय करार कायद्याची तत्त्वे आणि ख्रिश्चन फॉन बार यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासगटाने इतरांसह २००९ मध्ये पूर्ण केलेला प्रचंड मसुदा यांच्या पायावर, १८६ कलमांचा ‘समान युरोपीय विक्री कायदा’ प्रस्तावित झाला. तो ऐच्छिक होता: राष्ट्रीय कायदे तसेच राहतील आणि सीमेपलीकडच्या विक्रीत दोन्ही पक्षांनी ठरवले तर हा दुसरा कायदा लागेल. ग्राहकही त्यात आणि लहान-मध्यम उद्योगही त्यात. युरोपीय आयोगाचे म्हणणे, प्रत्येक देशाच्या ग्राहक कायद्याशी जुळवून घेण्याचा खर्च छोट्या विक्रेत्याला परवडत नाही आणि त्यामुळे अब्जावधी युरोंचा व्यापार बुडतो. ही अडचण खरी आहे. रोम-१ च्या सहाव्या कलमामुळे ग्राहकाच्या देशाचे बंधनकारक संरक्षण विक्रेत्याला करारातून टाळता येत नाही, आणि ते योग्यच आहे. युरोपीय संसदेने २६ फेब्रुवारी २०१४ रोजी ४१६ विरुद्ध १५९ मतांनी पाठिंबा दिला. पण सदस्य देशांच्या सरकारांत तो अडकला आणि त्याच वर्षाअखेरीस आयोगाने तो मागे घेण्याचे जाहीर केले.

का फसला? भाषा, कर, टपालखर्च, परदेशी विक्रेत्याविषयीचा अविश्वास हेच खरे अडथळे आहेत, असे काहींनी म्हटले आणि त्यात तथ्य आहे. राष्ट्रीय सरकारांचा अहंकारही असेल. मला मूळ दोष रचनेत दिसतो. ग्राहकासाठी ‘ऐच्छिक’ कायदा ही कल्पनाच पोकळ आहे: कोणता कायदा द्यायचा हे विक्रेता ठरवणार आणि ग्राहक पडद्यावर एक खूण करणार. म्हणूनच युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने या प्रस्तावाला विरोध केला, जरी त्यातले काही हक्क अनेक देशांतल्या हक्कांहून सरस होते. व्यापाऱ्यांना तर व्हिएन्नाचा करार आधीच उपलब्ध होता. त्यांच्यासाठी हा दुसरा कायदा म्हणजे आणखी एक गोंधळ. प्रस्ताव कोसळल्यावर आयोग पुन्हा जुन्या वाटेवर आला. मे २०१९ मध्ये डिजिटल आशय आणि माल विक्री यांविषयी दोन निर्देश झाले, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. दोष मुळातच होता असे गृहीत धरण्याचा काळ त्यांनी सहा महिन्यांवरून एक वर्ष केला. ज्या फोनचे सॉफ्टवेअर अपडेट होत नाही तो फोन सदोष ठरू शकतो, हेही आता कायद्यात आले.

सर्वांत गंभीर आक्षेप पिएर लग्रां यांच्यासारख्या तौलनिक कायद्याच्या अभ्यासकांचा आहे. कायदा ही संस्कृती आहे. मजकूर एक केला तरी इंग्रज आणि फ्रेंच न्यायाधीशांची विचारपद्धती एक होत नाही, असे ते म्हणतात. त्याला जोडून, अमेरिकेत करार कायदा राज्यांचा आहे आणि स्कॉटलंड व इंग्लंड १७०७ पासून एका राज्यात दोन कायद्यांसह नांदत आहेत, मग एकीकरणाची गरजच काय, असेही विचारले जाते. पण अमेरिकेनेच १९५० च्या दशकापासून समान व्यापारी संहिता जवळजवळ सर्व राज्यांत आणली. विक्रीचे प्रकरण न स्वीकारणारे लुइझियाना हा अपवाद. ब्रिटनमध्येही विक्रीचा आणि ग्राहकांचा कायदा बहुतांशी दोन्हीकडे सामाईक आहे. म्हणजे वेगळेपण टिकले ते सामान्य सिद्धांतांत. बाजाराला जिथे गरज होती तिथे कायदे जवळ आलेच. लग्रां यांचे म्हणणे संपूर्ण नागरी संहिता करू पाहणाऱ्यांना लागू पडते. फरशी कोणी उखडायची, या प्रश्नाला संस्कृतीची आडकाठी नसते.

एक आक्षेप मात्र माझ्या मांडणीलाच छेद देतो. व्यापारी सबळ आणि ग्राहक दुबळा, ही रेघ सरळ नाही. युरोपातल्या सुपरमार्केटच्या साखळीसमोर द्राक्ष किंवा डाळिंब पाठवणारी शेतकऱ्यांची कंपनी ‘व्यापारी’ असली तरी तिची अवस्था ग्राहकाहून बरी नसते. हे खरे आहे, आणि त्यावरचे उत्तरही युरोपने नेमक्या दुखण्यावर बोट ठेवूनच दिले. शेती व अन्नाच्या पुरवठा साखळीतील अन्यायकारक प्रथांविषयीच्या २०१९ च्या निर्देशाने मोठ्या खरेदीदाराने नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत चुकते करावेत आणि आयत्या वेळी मागणी रद्द करू नये, असे बंधन घातले. युरोपबाहेरच्या पुरवठादारालाही त्याचा आधार मिळतो. आपल्या निर्यातदार संघटनांनी हा निर्देश मराठीत आणून बागायतदारांपर्यंत पोचवला पाहिजे. दुबळेपणा जिथे आहे तिथे बंधनकारक तळ द्यावा. तो ग्राहक या शब्दापुरता मर्यादित ठेवायचे कारण नाही.

या सगळ्यात भारत कुठे उभा आहे? परदेशी विक्रेत्यांबाबत आपला ग्राहक कायदा कागदावर बराच पुढे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करता येते आणि अन्यायकारक कराराची व्याख्या प्रथमच कायद्यात आली. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतात नियमितपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. पण अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच न्यावी लागते. गडचिरोलीच्या माणसाने शिकवणीवर्गाच्या किंवा कर्जाच्या एकतर्फी अटींसाठी राज्य आयोगाची पायरी चढावी, हे त्या हक्काचा जीवच काढून घेणे आहे. ऑनलाइन खरेदी कारण न देता परत करण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्कही आपल्याकडे नाही. दुकानदाराच्या धोरणावर सारे अवलंबून. या दोन्ही गोष्टी संसदेने दुरुस्त कराव्यात आणि त्यासाठी कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहण्याचे कारण नाही.

व्यापाऱ्यांच्या बाजूने मात्र एक पाऊल बाहेर टाकावे लागेल. भारत अन्सिट्रालचा स्थापनेपासूनचा सदस्य आहे. तिच्या नमुना कायद्यावरून आपण १९९६ चा लवाद कायदा केला, दुसऱ्या नमुन्यावरून २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने काही निकालांत युनिड्रॉइटच्या करारविषयक तत्त्वांचा आधार घेतला आहे. इंग्रजी परंपरेतले देश व्हिएन्नाच्या करारात रमत नाहीत, हा युक्तिवाद अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूर यांनी कधीच निकालात काढला आहे. ब्रिटन बाहेर आहे म्हणून आपणही बाहेर राहावे, याला तर कसलाच आधार नाही. आपले निर्यातदार बहुतेक वेळा लहान आहेत, त्यांच्या करारात कायद्याची ओळच नसते, आणि त्यांचे खरेदीदार ज्या देशांत बसले आहेत ते बहुतेक देश या करारात आहेत. भारत सरकारने हा करार स्वीकारावा, असे मी या पुस्तकाच्या वाचकांना आणि विशेषतः त्यांच्यातल्या व्यापारी संघटनांना आग्रहाने सांगेन. त्यांनी ही मागणी वाणिज्य मंत्रालयापुढे ठेवावी. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे स्वीकृतीपत्र दाखल केल्यानंतर बारा महिन्यांनी करार त्या देशाला लागू होतो. वकील, बँका आणि निर्यातदार यांना तयारीसाठी तेवढा अवधी पुरेसा आहे.